हौसाक्काच्या पाहुण्या

जेवण संपलं, मी सवयीनं ताट उचललं आणि नळाकडे दोन पावलं टाकली असतील, तोच मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. बाजारात पाकीटमाराचं धरतात ना, तसं. वळून बघते तर साठीतली काटकुळी बाई, लुगड्याचा कासोटा करकचून आवळलेला, कपाळाला ही आठी.

“कुटं चाललीस ताट घिऊन?”

“धुवायला.”

“ठिव खाली. हितं पाव्हणी हायेस तू. पुन्यांदा ताटाला हात लावलास तर बोटं मोडीन.”

आता मला सांगा, पाहुणीची बोटं मोडायची धमकी देणारी यजमानीण तुम्ही कुठं बघितलीय? मी बघितली. तिचं नाव हौसाबाई, पण चाकणच्या पुढच्या त्या ट्रेनिंग सेंटरवर तिला सगळे हौसाक्का म्हणायचे. कांद्याच्या वावरांमधून आत गेलं की चिंचेची चार झाडं, बारा खोल्या, एक हॉल आणि पत्र्याचं जेवणघर. कागदोपत्री तिथं कुणी मॅनेजर होता म्हणे, आम्हाला काही तो दिसला नाही. राज्य हौसाक्काचं.

मी तेव्हा गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत लाइनवर होते. आमच्यातल्या बावीस बायकांना लाइन लीडर करायचं ठरलं आणि त्यासाठी चार दिवसांचं मुक्कामी ट्रेनिंग निघालं. चिखलीला आमच्या घरी हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, “मुक्कामी? मग घरचं कसं होणार?” जणू मी चूल पिशवीत घालून नेणार होते. माझ्या खोलीत जोडीला होती रेखा, लातूरकडची. तिचा नवरा तर तिला सोडायला म्हणून सेंटरपर्यंत आला, बारा खोल्या मोजल्या, चिंचा बघितल्या आणि मग कुठं परत गेला.

पहिल्याच पहाटे साडेचारला माझे डोळे टक्क उघडले. चिखलीत त्या वेळेला पाणी यायचं, अंगात घड्याळच बसलेलं. बाहेर व्हरांड्यात येते तर काय, बावीसच्या बावीस जणी वेणीफणी करून उभ्या! पाणी भरायचं नाही, डबे करायचे नाहीत, पोरांना हाका मारायच्या नाहीत. सगळ्या एकमेकींकडे बघतायत. रेखानं तोवर चिंचेचा फोक मोडून अंगण झाडायला घेतलं होतं.

“कोन त्ये झाडतंय?” जेवणघरातून आवाज आला आणि पाठोपाठ हौसाक्का. तिनं तो फोक काढून घेतला आणि गुडघ्यावर मोडला. “जावा, झोपा गुमान!”

“झोप झाली की हो, आक्का.”

“मंग लोळा. लोळाया यत न्हाई व्हय?”

खोटं कशाला बोलू, येत नव्हतं. पलंगावर पडून मी पत्र्याच्या वाशांकडे बघत राहिले आणि रेखा म्हणाली, “सुनंदा, मला तर बाई लई अपराध केल्यागत वाटलालंय.”

बायांनी कशाला हात लावायचा नाही हा एक कायदा, आणि पुरुषांनी आपलं ताट आपण घासायचं हा दुसरा. यात साहेब-बिहेब काही चालायचं नाही. आमच्याबरोबर एच.आर.चे देसाई सर होते. शर्टाला इस्त्री अशी, की तिच्यावर बोट कापावं. त्यांनी पहिल्या दिवशी ताट टेबलावर सोडलं आणि हात पुसत निघाले. हौसाक्का दारात आडवी.

“सायेब, ताट इसरलं.”

“अहो मावशी, ते नामदेव उचलेल ना.”

“नामदेवाचं त्येनं घासलं. तुमचं तुमी घासा. घरी शिकीवलं न्हाई, तर हितं शिका. ट्रेनिंगच हाय न्हवं?”

नामदेव म्हणजे तिच्या हाताखालचा वाढपी, तिच्याच गावचा, मिशीतल्या मिशीत हसणारा माणूस. त्या दिवशी देसाई सर बाह्या दुमडून राखेनं ताट घासत होते आणि आम्ही बावीस जणी पदरात तोंड खुपसून उभ्या होतो. चौथ्या दिवशी मात्र कबूल करायला हवं, सरांचं ताट सगळ्यात लख्ख निघायला लागलं होतं.

वर्गात फोन न्यायचा नाही असा नियम होता, म्हणून आमचे फोन एका टोपलीत स्वयंपाकघरात असायचे. दिवसभर नवऱ्यांचे फोन. हौसाक्का कुठलाही उचलायची, कुणाचाही असो. “बाई वर्गात हाय. काय पायजे? तांदूळ? तिसऱ्या डब्यात बघा.” आणि ठेवून द्यायची. मी म्हटलं, आक्का, तुम्हाला काय माहीत कुणाच्या घरात तांदूळ कुठंय? तर म्हणाली, “पयल्या दोन डब्यात नसंल तर तिसरा उगडतीलच की. निदान तीन डबं तरी बघत्याल घरातलं.” आमच्या घरी तो खरंच तिसऱ्या डब्यात निघाला. आमचे हे अजून ती गोष्ट चमत्कार म्हणून सांगतात.

पण सवय जाते का हो अशी? तिसऱ्या दिवशी रेखानं नामदेवाला पटवून पाटीभर लसूण मिळवला. ‘ताणतणाव आणि आपण’ असं व्याख्यान चाललेलं, पुण्याहून आलेल्या मॅडम डोळे मिटून श्वास घ्यायला सांगतायत आणि मागच्या तीन बाकांखाली आमचं सोलणं जोरात. इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! पहिल्यांदा खरोखर ताण गेला. मॅडम म्हणाल्या, “दीर्घ श्वास घ्या,” आणि सगळ्या हॉलनं लसणाचा दीर्घ श्वास घेतला. तेवढ्यात दारात हौसाक्का. तिला वास गेला होता स्वयंपाकघरात. तिनं पाटी उचलली, पुढे गेली आणि देसाई सरांच्या मांडीवर ठेवली. “ऱ्हायलेला सोला,” म्हणाली.

अशी सगळी गंमत चालली होती, पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. हौसाक्का जेवायची कधी? आमच्या पंगतीत कधी नाही. मागून जाऊन बघितलं, तर ओट्याला टेकून उभी, पातेल्याच्या झाकणात कालची अर्धी भाकर, तीही कोरडी. मला बघून झाकण बाजूला सारलं.

“आक्का, चला ना आमच्यात बसायला.”

“माझं झालंय.”

हे दोन शब्द माझ्या ओळखीचे होते. थेरगावला आमच्या दोन खोल्यांत आई रोज हेच म्हणायची. बाबा शिफ्टवरून येणार, आम्ही चार भावंडं तुटून पडणार आणि आई चुलीशी बसून म्हणणार, माझं झालंय. आम्ही ते खरं मानलं. आई गेली तोपर्यंत खरंच मानत होतो. आज विचार केला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

नामदेवाला विचारलं, तर तो म्हणाला, “आक्का चौदाव्या वरसाला गावात नांदाया आली. घरात सतरा मानसं. तवापास्नं लगीन असू द्या, जत्रा असू द्या, वाढाया आक्का. बसल्याली कुनी बघितली न्हाई.”

मी त्याच वेळी रेखाला सांगितलं, की आपण निघायच्या आत ही बाई आपल्या पंगतीला बसून गरम गरम जेवली पाहिजे, नाहीतर मी लाइन लीडर झाले काय नि न झाले काय. संध्याकाळपर्यंत बावीस जणींचं ठरलं. विनवण्या झाल्या, शपथा झाल्या. तुम्हाला जेवू घातल्याशिवाय माझा उपास सुटायचा नाही, अशी थाप सुद्धा एकीनं मारून बघितली. उत्तर एकच: “माझं झालंय.”

मग शेवटच्या दुपारी आम्ही कंपनीतलं शस्त्र काढलं. टूल डाउन. हत्यारं खाली ठेवायची आणि जागेवर बसून राहायचं. हौसाक्कानं आमच्या निरोपासाठी मासवड्या केल्या होत्या, तर्रीदार रस्सा, तव्यावरनं उतरलेल्या बाजरीच्या भाकरी. नामदेवानं वाढलं. बावीस ताटं वाफाळतायत आणि एकीचाही हात पुढे होत नाही. देसाई सरांचा घास हातातच राहिला.

“काय चाललंय? संप आहे का?” त्यांचा आवाज चिरका झाला.

“तुमच्याविरुद्ध नाही सर, जेवा तुम्ही.”

हौसाक्का धावत आली. “जेवा की गं! निवतंय सगळं!”

“तुम्ही बसल्याशिवाय नाही.”

“माझं झा—”

“नाही झालं!” मी ओरडलेच. एवढ्या मोठ्या माणसावर ओरडले, आणि ओरडताना रडायलाही आलं. “खोटं बोलू नका. मी बघितलंय झाकणातलं.”

तिनं आमच्याकडे बघितलं. आमच्याकडे म्हणजे ताटांकडेच म्हणा. भाकरी गार होताना तिला बघवेना. शिव्या घातल्या, “लई माजलाय तुमी समद्या,” म्हणाली, आणि टेबलाच्या कडेच्या खुर्चीवर पाय वर घेऊन, मांडी घालून बसली. जेवणघरात टाळ्या पडल्या. देसाई सरांनीही वाजवल्या, खरकट्या हातानं.

मी आणि रेखा वाढायला उठलो. त्या दिवशी आम्हाला कुणी अडवलं नाही. हौसाक्कानं पहिला घास घेतला, मान खाली. मी मासवडी वाढली, तिनं खाल्ली. रेखानं भाकरी वाढली, तिनं खाल्ली. “अजून एक, आक्का, माझ्या हातून!” घेतली. आम्हाला कोण आनंद! जी येईल ती वाढून जातेय. दुसरी झाली, तिसरी झाली, चौथी भाकरी ताटात पडली. “बघा, भूक किती होती,” कुणीतरी म्हणालं.

मी मात्र तिच्या तोंडाकडे बघितलं. कपाळावर घाम आला होता. घास तोंडात फिरत होता, खाली उतरत नव्हता. तिनं मला डोळ्यानंच जवळ बोलावलं. मला वाटलं ठसका लागला. पाणी घेऊन वाकले, तर माझ्या कानाशी लागून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

“पोरी, न्हाई कसं म्हनत्यात गं?”

मला कळेना. “काय, आक्का?”

“तुमी एवढ्या मायेनं वाढताय. वाढनारनीला न्हाई म्हनलं की कसं वाटतं, त्ये मला ठावं हाय. पन मला अजून पायजे का म्हनून कुनी कदी इचारलंच न्हाई. न्हाई म्हनाया कवा शिकनार मी?”

रेखा पाचवी भाकरी घेऊन आलीच होती. मी हौसाक्काच्या ताटावर माझा हात आडवा धरला.

“पुरे, रेखा,” मी म्हटलं. “आक्काचं पोट भरलंय.”