नाबाद आप्पा

आमचे शेजारी सिद्रामप्पा आयुष्यात एकदाही आऊट झालेले नाहीत. हे माझं मत नाही, त्यांचं आहे. स्टंप उडाले तर ते वाऱ्यानं, झेल गेला तर आधी टप्पा पडलेला, आणि पायचीत हा प्रकार तर इंग्रजांनी जाताना मुद्दाम मागे ठेवलेला खोडसाळपणा. "डाऊट हाय की, मालक," म्हणायचं, बॅट जमिनीवर आपटायची आणि पुढच्या बॉलची वाट बघायची. सोलापुरात सगळेच सगळ्यांना मालक म्हणतात, त्यामुळे मी फुगून जात नाही.

चादरींच्या दुकानातही तेच. गिऱ्हाईक म्हणालं, रंग गेला, की "डाऊट हाय की." डॉक्टरांनी शुगर वाढल्याचं सांगितलं, तर आप्पांनी तपासायच्या मशीनवरच डाऊट घेतला आणि येताना पाव किलो जिलेबी आणली.

त्यांना तीसेक वर्षं रोज सकाळी बॉलिंग टाकायचे ते इस्माईलभाई. टेम्पोचा धंदा, तिरकी टोपी आणि गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा आवाज. कॉलनीमागच्या पटांगणात हे दोघे टेनिस बॉलनं खेळायचे आणि आख्खी कॉलनी त्यांच्या भांडणानं जागी व्हायची. "शरम कर आप्पा, तीनो डंडे उड गये ना रे!" "डाऊट हाय की!" मी गजर लावणं केव्हाच सोडून दिलं होतं.

गेल्या वर्षी इस्माईलभाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, बोलाल तेवढी जीभ सुटेल. पण शब्द वाकडा येतो म्हणून त्यांनी बोलणंच टाकलं. घरचे विनवून थकले. ते चाकाच्या खुर्चीत, खिडकीशी, भिंतीकडे तोंड करून बसायचे. आमच्याकडे गजर परत आला. पण तो असा बेसूर वाजायचा की उठावंसंच वाटायचं नाही.

एका सकाळी आप्पा छत्री घेऊन दारात हजर. "मालक, स्कूटर काडा. नेट बगायचंय." म्हणजे जाळी ठोकलेली, मशीन बॉल टाकतं ती बॅटिंगची जागा. मला वाटलं, म्हाताऱ्याचे हात शिवशिवतायत. मित्र खुर्चीला खिळलाय आणि हे नवा बॉलर शोधतायत, तोही विजेवर चालणारा! राग आला. पण शेजार माझा आणि स्कूटरही माझी, बोलणार कुणाला?

विजापूर रोडवरच्या नेटमध्ये आप्पांनी बॅटला हातसुद्धा लावला नाही. छत्री आडवी धरून दार मोजलं, "अरुंद हाय," म्हणाले आणि चालू पडले. होटगी रोडला मोठमोठ्यानं गाणी लागलेली. "ब्याड, ब्याड!" राग आला की आप्पांचा नकार कन्नडात निघतो. तिसरीकडचं मशीन आपलं आपणच बॉल फेकत होतं. तिथला पोरगा कौतुकानं म्हणाला, "माणूस लागतच नाही, काका." आप्पांनी विचारलं, "मग भांडायचं कुणाशी?"

अक्कलकोट रोडवर एक नेट सापडलं. दार रुंद, पायरी नाही, गाणी नाहीत, आणि मशीनच्या नळीत प्रत्येक बॉल माणसानं सोडायचा. आप्पा मशीनमागे प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्या हातानं नळीत बॉल सोडून बघितला.

"बसून पोचतंय की," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि राग कुठल्या कुठे गेला.

"त्याला चिडवायला पायजे, मालक," स्कूटरवर ते मला समजावत होते. "रागात माणूस शब्द वाकडा का सरळ बगत न्हाय. आन् इस्माईलला चिडवायचं काम तीस वर्सं माज्याकडंच हाय. त्यानं बोल्ड काडला की मी म्हणनार, डाऊट हाय. मग बगा कसा फुटतोय त्यो."

रविवारी इस्माईलभाईंचा मुलगा त्यांना टेम्पोतून घेऊन आला. चेहरा तसाच, भिंतीकडे बघणारा. पहिले काही बॉल त्यांनी नळीत नुसते टाकले, कचरा टाकावा तसे. मग आप्पांनी एक जोरात हाणला आणि इस्माईलभाईंची मान वर झाली. पुढचा बॉल त्यांनी डाव्या मांडीवर घासला, वर करून आप्पांना दाखवला आणि सोडला.

तिन्ही स्टंप आडवे.

इस्माईलभाई हसले. अर्धाच चेहरा हसला, पण हसला. मी आप्पांकडे बघितलं. म्हणा आता! आप्पांनी तोंड उघडलं, पण स्कूटरवर घोकलेलं वाक्य काही बाहेर येईना. त्या अर्ध्या हसण्याकडे बघत त्यांनी बॅट काखेत मारली.

"आऊट हाय, इस्माईल. क्लीन बोल्ड," असं म्हणून ते चालायला लागले.

मी कपाळावर हात मारून घेतला. उभ्या जन्मात आऊट न झालेला माणूस, त्याला आजचाच मुहूर्त सापडावा?

इस्माईलभाईंचं हसू मावळलं. आप्पानं आपल्याला विकेट दान केली, हे त्यांना कळलं असावं. खुर्ची हलायला लागली.

"डा... डाऊट!" शब्द वाकडा होता, पण आवाज तोच, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "डाऊट है रे! किदर जाता? खेल!"

"आऊट हाय की!"

"डाऊट है!"

"लेका, मी सांगतोय, आऊट हाय!"

तीस वर्षांचं भांडण उलट्या बाजूनं सुरू झालं आणि थांबेना. मुलगा जाळीला धरून रडत होता. उद्यापासून गजर बंद, एवढंच माझ्या मनात आलं.

परतताना आप्पा मागच्या सीटवर बसले होते. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो, तर माझा शर्ट पाठीवर ओला लागला.

"आप्पा, रडताय का?"

मागून नाक ओढल्याचा आवाज आला.

"डाऊट हाय की, मालक."