छत्री आहे म्हणजे सर आहेत

"सर आहेत हो, अम्मा. छत्री दिसत नाही का?"

कुट्टप्पन शिपायानं खिडकीकडे बोट केलं. व्हिलेज ऑफिसच्या खिडकीच्या गजाला वाकड्या मुठीची काळी छत्री लटकत होती. नाणीअम्मानं ती सोमवारी पाहिली होती, मंगळवारी पाहिली होती, बुधवारीही पाहिली होती. आज गुरुवार. छत्रीची आणि तिची आता चांगली ओळख झाली होती, सरांची तेवढी व्हायची राहिली होती.

त्या काळी मान्नूर गावात ऐन पावसाच्या कर्किडकम महिन्यात छत्रीशिवाय बाहेर पडणारा माणूस वेडा तरी समजला जाई, नाहीतर परगावचा पाहुणा. पाऊस सांगून येत नसे आणि येऊन जातही नसे. त्यामुळे जिथे छत्री, तिथे हाकेच्या अंतरावर तिचा मालक, ही गोष्ट लहान पोरालाही ठाऊक होती. व्हिलेज ऑफिसर दामोदर पणिक्कर सरांची छत्री खिडकीला दिसली की लोक निमूटपणे बाकावर बसत. सर मागे हात धुवायला गेले असतील, चहाला गेले असतील. येतीलच.

नाणीअम्माला मात्र बसून चालणार नव्हतं. पंचायतीनं गळक्या घरांना कौलं द्यायचं ठरवलं होतं आणि यादी शनिवारी बंद होणार होती. घराखालची पाच सेंट, म्हणजे दोन गुंठे, जागा तिच्याच ताब्यात आहे, असा पणिक्कर सरांच्या सहीचा दाखला अर्जाला जोडायचा होता. तिच्या छपरावरच्या झावळ्या दोन वर्षं बदललेल्या नव्हत्या. सध्या ती चुलीपाशी छत्री उघडून कांजी शिजवत असे. घरात छत्री उघडू नये म्हणतात, पण तसं म्हणणाऱ्यांची छपरं शाबूत असतात.

"कधीचे गेलेत?" तिनं विचारलं.

"आत्ताच गेले."

"कालही आत्ताच गेले होते."

"काल वेगळं आत्ता होतं," कुट्टप्पन म्हणाला आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरला.

चार वाजता आभाळ इतकं भरून आलं की ऑफिसात अंधार झाला. त्यात वीज गेली. नाणीअम्मानं आपली छत्रीही त्याच गजाला अडकवली होती. चाचपडताना एक मूठ हाताला लागली, ती ओढून ती पावसात बाहेर पडली.

वडाच्या झाडापाशी तिनं छत्री उघडायला घेतली, तर ती उघडेना. जोर लावल्यावर करकरत अर्धी उघडली, तेव्हा आतून एक पाल पडली आणि पाठोपाठ कोळ्याचं जाळं नाकावर आलं. एका काडीला किमतीची चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली होती. आपल्या छत्रीच्या काठावर तिनं लाल दोऱ्यानं नाव भरलं होतं, सगळ्यांच्याच छत्र्या काळ्या म्हणून गावात घरोघर तशी पद्धत होती. या छत्रीवर नाव नव्हतं. ही सरांची छत्री होती.

दुसरी कुणी असती तर परत फिरली असती. नाणीअम्मा भिजत तिथेच उभी राहिली आणि आतलं कापड दोन बोटांत धरून चोळून पाहू लागली.

"एलिकुट्टी," घरी आल्यावर तिनं शेजारणीला हाक मारली, "सकाळपासून पाऊस पडतोय ना?"

"पंधरा दिवस पडतोय, नाणीचेच्ची. तुम्हाला आज कळलं?"

"मग पावसातून आलेल्या माणसाची छत्री उघडली तेव्हा आतून कोरडी कशी निघाली?"

एलिकुट्टीनं छत्री फिरवून पाहिली, पाल कुठे पडली ते विचारून घेतलं आणि म्हणाली, "तालुक्याला बस स्टँडच्या मागे एक पणिक्कर पत्रिका बघतात. माझ्या जावेनं मुलीची दाखवली. वेळ दहा ते चार. लोक नावाजतात त्यांना."

दुसऱ्यांचे ग्रह कुठल्या घरात आहेत ते या माणसाला बरोबर कळत होतं आणि तो स्वतः कुठे आहे ते चार वर्षं गावाला कळलं नव्हतं. नाणीअम्माला राग यायला हवा होता, पण त्याआधी नवलच वाटलं.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला कुट्टप्पन धावत आला.

"अम्मा, छत्री द्या. अकराला नवे तहसीलदार यायचेत. गजाला तुमची छत्री बघून सगळे लोक परत गेले. म्हणतात, ही तर नाणीअम्माची, म्हणजे सर आलेलेच नाहीत."

"आलेत का?"

"निरोप पाठवलाय. येतील बसनं."

"छत्री असते तिथे सर असतात, असं तूच चार दिवस सांगतोयस ना?"

"हो, पण…"

"छत्री माझ्या पडवीत आहे. म्हणजे ऑफिस आज इथं. जा, शिक्का आणि रजिस्टर घेऊन ये."

"आणि सही काय छत्री करणार?"

"ते तू तिलाच विचार. तुझी जुनी ओळख आहे."

कुट्टप्पननं घड्याळाकडे पाहिलं, ऑफिसच्या दिशेनं पाहिलं आणि गेला. ऑफिसातला कारकून महिनाभर रजेवर होता, त्यामुळे कुट्टप्पन शिक्का घेऊन निघाला तेव्हा मागे फक्त खुर्च्या उरल्या.

तो परतला तेव्हा त्याच्या मागोमाग पणिक्कर सर होते. कपाळावर चंदन, काखेत भविष्य बघायच्या कवड्यांची पिशवी, अंगावरून पाणी गळतंय.

"सरकारी अधिकाऱ्याची छत्री पळवणं ही चोरी आहे, बाई."

"तक्रार करा, सर," नाणीअम्मानं त्यांना अंग पुसायला पंचा दिला. "कुठून चोरली म्हणून लिहाल?"

"माझ्या खिडकीतून."

"तेव्हा तुम्ही कुठे होता?"

सर पंच्यानं तोंड पुसत राहिले.

"भांडत नाही मी. मला खरंच जाणून घ्यायचंय," ती म्हणाली. "ऑफिसात असाल, तर मी नेताना तुम्ही पाहिलंत आणि गप्प बसलात. मग ती चोरी कसली, तुम्हीच दिलीत. आणि नसाल, तर हजेरीच्या वहीत सही कुणाची?"

कुट्टप्पन छपराकडे बघू लागला. तिथे बघण्यासारखी भोकं पुष्कळ होती.

"दाखल्याचा कागद आणा इकडे," पणिक्कर सर म्हणाले.

ते पाटावर बसले, पुढ्यात सूप उलटं घालून त्यावर रजिस्टर ठेवलं. लिहायला सुरुवात केली आणि नेमक्या नावावर वरून थेंब पडला. शाई पसरली. दुसरा कागद घेतला, तिथे दुसरा थेंब. शेवटी एलिकुट्टीनं ती छत्री पुरती उघडून सरांच्या डोक्यावर धरली. चार वर्षांच्या नोकरीत छत्रीनं केलेलं हे पहिलं काम.

सही झाली, शिक्का बसला आणि कुंपणापाशी जीप थांबली.

तहसीलदार तरुण होते. त्यांच्या हातात नाणीअम्माची छत्री होती. "ऑफिसात माणूस नाही, फक्त ही. नाव वाचून चहावाल्याला विचारलं, या नाणी कोणत्या हुद्द्यावर आहेत. त्यानं घर दाखवलं." मग त्यांना पाट दिसला, शिक्का दिसला, छत्रीखाली बसलेला भिजलेला अधिकारी दिसला. "पणिक्कर, तुम्ही एवढ्या पावसात म्हातारीला दाखला द्यायला घरी आलात?"

पणिक्कर सरांनी नाणीअम्माकडे पाहिलं. दुसऱ्यांचं भविष्य सांगणाऱ्या माणसावर आपल्या भविष्यासाठी असं कुणाच्या तोंडाकडे बघत बसायची वेळ आली होती. नाणीअम्मानं दाखला वाळला का ते बोटानं बघितलं, घडी घातली, चोळीत खोचला.

"सर असेच आहेत," ती म्हणाली. "रोज कुणाच्या तरी घरची काळजी वाहत बसलेले असतात. म्हणून तर ऑफिसात सापडत नाहीत."

तहसीलदार भारावले. "मी इतके तालुके पाहिले, असा माणूस पाहिला नाही. पणिक्कर, हे आपण पक्कं करू. सोमवारपासून रोज एक वाडी. तुम्ही घरोघर जायचं, दाखले तिथेच द्यायचे. आणि संध्याकाळी कुणाकुणाकडे गेलात ते त्यांच्या सह्यांसकट मला पाठवायचं."

"रोज?" पणिक्कर सरांनी विचारलं. "कर्किडकम आहे, सर."

"छत्री आहे ना तुमच्याकडे?"

पणिक्कर सर छत्री डोक्यावर घेऊन उतरणीला लागले, तेवढ्यात नाणीअम्मा मागून आली.

"थांबा, सर."

काडीला अजून ती किमतीची चिठ्ठी लोंबत होती. नाणीअम्मानं दोरा दातांनी तोडला आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.

"ही काढलेली बरी. आता दुकानदार काही परत घ्यायचा नाही."