न बोलणारा लॅपटॉप

इंगळे लॅपटॉपला कान लावतो.

अगदी खरोखर. दुकानात गेला की चष्मा काढून खिशात ठेवतो, वाकतो आणि कीबोर्डच्या कडेला कान टेकवून उभा राहतो. छातीला नळी लावून "जोरात श्वास घ्या" म्हणणाऱ्या डॉक्टरचा चेहरा असतो ना, तसा चेहरा करून. मग मान वर करतो आणि निकाल सांगतो, "बोलतोय." बोलणारा लॅपटॉप बाद. मग तो कितीही चांगला असो.

सुधाकर इंगळे आणि मी मरोळच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत बरोबरच लागलो. तो प्रोग्रॅम लिहितो. मी कामं वाटून देते, तारखा पाळायला लावते आणि कोण काय विसरलं ते लक्षात ठेवते. आम्ही दोघं पन्नाशीच्या आसपासचे, बाकी ऑफिस आमच्या मुलांच्या वयाचं. म्हणजे माझ्या मुलांच्या. इंगळेने लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणतो. जणू इस्त्रीला कपडे द्यायचे राहून गेले. मूळचा अकोल्याकडचा, आता कांजूरमार्गला राहतो, घरी थोरली बहीण. तिला तो आक्का म्हणतो, आणि त्यापलीकडे तिच्याबद्दल काही बोलत नाही.

कुठल्याही कामाला त्याचं एकच उत्तर असतं : "घाई नाही, फक्त उशीर नको." याचा अर्थ अजून कुणाला लागलेला नाही.

गेली काही वर्षं तो घरूनच काम करतो. काम चोख, पण दुपारी जेवणानंतर माणूस गायब. फोन उचलत नाही, कॅमेरा लावत नाही, मेसेजला एका शब्दात उत्तर देतो, तेही दमादमाने. ऑफिसमधल्या पोरांनी ठरवून टाकलं होतं की इंगळेसर दुपारी मस्त ताणून देतात. मीही एकदोनदा टोमणा मारला होता. तो नुसता हसला.

मग कंपनीने नवा नियम काढला. घरून काम करणाऱ्यांनी आपला स्वतःचा लॅपटॉप घ्यायचा, खर्च कंपनी देईल, आणि ऑफिसचं जुनं मशीन परत करायचं. सोमवारपर्यंत. ज्याचा लॅपटॉप सोमवारी तयार नसेल, त्याने मंगळवारपासून रोज ऑफिसला यायचं. बाकीच्यांनी चहा पितापिता मोबाइलवरून मागवून टाकले. इंगळे मात्र कान लावत फिरत होता. साहेब वैतागले, तेव्हा मी आपण होऊन म्हणाले, "तो माझ्यावर सोपवा."

शनिवार उजाडला तरी लॅपटॉपचा पत्ता नव्हता. मी फोन केला. "अरे, रोज मरोळला आलास तर काय बिघडेल? चार माणसं तरी दिसतील."

"घरी आक्का असते गं," तो म्हणाला.

"आक्का काय कुक्कुलं बाळ आहे?"

"सुजाता, आज तू येशील का माझ्याबरोबर? प्लीज."

प्लीज हा शब्द इंगळेच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. एका शेजारणीला दोन-तीन तास आक्काजवळ बसायला सांगून तो आला, आणि आम्ही घाटकोपरला भेटलो.

माझ्याकडे यादी होती. रॅम, प्रोसेसर, वजन, वॉरंटी, जवळचं सर्व्हिस सेंटर. मी एकेक विचारत होते आणि काउंटरवरचा सेल्समन खुशीत उत्तरं देत होता. इंगळेचं लक्ष नव्हतं. त्याची परीक्षा वेगळीच. उजवा हात पँटच्या खिशात कोंबायचा. डाव्या हाताच्या एका बोटाने झाकण उघडायचं. उघडताना खालचा भाग टेबलावरून जरा जरी उचलला गेला तर बाद. स्क्रीनचा उजेड अगदी कमी करायचा आणि त्यात अक्षरं लागतात का ते बघायचं. मग डाव्या हाताने टाइप करायचं. उजवा हात शेवटपर्यंत खिशात.

"अंकल, हाथ को कुछ लगा है क्या?" सेल्समनने काळजीने विचारलं.

"नाही. तो कामात असतो."

सेल्समनने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

सगळ्यात शेवटी तो पेनड्राइव्ह लावून आमचाच प्रोग्रॅम त्या मशीनवर बांधायला घ्यायचा. याला आम्ही बिल्ड म्हणतो. हजारो तुकडे जोडून एक चालता प्रोग्रॅम तयार करायचा, आणि त्यात मशीनचा घाम निघतो. पहिल्या मशीनने थोडा वेळ दम धरला, मग आतला पंखा सुरू झाला. घूंऽऽऽ. इंगळेने कान लावायच्या आधीच मान हलवली.

"बोलतोय."

"अरे यार अंकल, लोड आया तो फॅन घूमेगा ही ना! गेम भी चलेगा इसपे, एकदम झकास!"

"गेम नको. झोप पाहिजे."

"इंगळे," मी दात आवळून म्हणाले, "तू लॅपटॉप घ्यायला आलायस की पाळणा?"

दुसरं दुकान, तिसरं दुकान. सगळे बोलतच होते. कुणी सुरुवातीलाच, कुणी बिल्ड अर्ध्यावर आल्यावर. इंगळेच्या शर्टाची पाठ भिजली होती. सारखा मोबाइल काढून शेजारणीचा फोन येऊन गेला का बघत होता. शेवटच्या दुकानात कोपऱ्यात एक छोटा, वहीएवढा लॅपटॉप होता. त्याचं झाकण एका बोटाने उघडलं. बिल्ड सुरू झालं. इंगळेने कान टेकवला. आम्ही सगळे गप्प, सेल्समनसुद्धा. बिल्ड पुढे सरकत होतं आणि आवाज नव्हता.

"याला पंखाच नाही," मी माहिती वाचत म्हणाले. "म्हणून गप्प आहे. पण तापला की मंदावणार. इंगळे, सोमवारी साहेब पूर्ण बिल्ड ऑनलाइन बघणार आहेत. हे तर त्यातला एक तुकडा होता. मध्येच अडकला तर वाट लागली समज."

"रांगू दे. चालेल."

"मला नाही चालणार. मी शब्द दिलाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. खूप घाबरलेला होता. "दुसरा नाही गं चालणार," एवढंच म्हणाला, आणि लॅपटॉप डाव्या हाताने छातीशी धरला. माझ्या यादीतल्या अर्ध्या ओळी कोऱ्या राहिल्या आणि आम्ही बिल केलं.

साहेबांनी सोमवारी दुपारची वेळ दिली. "दुपार नको, दुसरी कुठलीही," इंगळे विनवत होता. साहेब बधले नाहीत. जुनं मशीन न्यायला मी त्याच वेळी कांजूरमार्गला गेले. बेल वाजवू नकोस, असं त्याने बजावलं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. चपला दाराशी काढून आत गेले.

खोलीत पडदे ओढलेले. कॉटवर एक वाळकी, पांढऱ्या केसांची बाई कुशीवर झोपली होती, आणि तिने दोन्ही हातांनी इंगळेचा उजवा हात धरून ठेवला होता. तो शेजारी बुटक्या स्टुलावर बसलेला. मांडीवर घडी घातलेला टॉवेल, टॉवेलवर लॅपटॉप. डावा हात कीबोर्डवर.

"आक्का," तो कुजबुजला. "हात सुटला की जागी होते."

मी जमिनीवर बसले. त्याने तसंच, कुजबुजत सांगितलं. आक्काने घाटकोपरला दुसऱ्याची पिठाची गिरणी वर्षानुवर्षं चालवली. त्याचं कॉलेज, कॉम्प्युटरचा कोर्स, सगळं त्या पिठातून. आता तिला काळाचं भान राहत नाही. कुठे घूं आवाज झाला की गिरणी रिकामी फिरतेय असं वाटतं आणि ती बंद करायला उठते. मध्ये एकदा तो चहा टाकायला आत गेला आणि जुन्या लॅपटॉपचा पंखा सुरू झाला. "हायवेच्या कडेला सापडली. अनवाणी. गिरणीची किल्ली कुठंय म्हणून रिक्षावाल्यांना विचारत होती."

मी माझा मोबाइल सायलेंटवर टाकला.

साहेब ऑफिसातून स्क्रीन बघत होते. इंगळेने बिल्ड सुरू केलं. हिरवी पट्टी सरकायला लागली. अर्ध्यावर येईपर्यंत ठीक, मग मंदावली, मग जवळजवळ थांबलीच. मी लॅपटॉपला हात लावून बघितला, चांगला तापला होता. साहेबांचा मेसेज आला, "अजून किती?" इंगळेने एका हाताने टाइप केलं, "होतंय." त्याच्या कपाळावरचा घाम पुसायला हात मोकळा नव्हता. मी रुमाल काढून पुसला. पट्टी रांगत होती. मी आयुष्यात इतक्या मंद गोष्टीसाठी इतका जीव टांगून बसले नव्हते.

आणि पट्टी भरली. साहेबांचा अंगठा आला. इंगळेने इतक्या हळू श्वास सोडला की तोही ऐकू आला नाही.

तेवढ्यात आक्का डोळे न उघडता पुटपुटली, "सुधा, किती दयन राह्यलं रे?"

"सगळं दळण झालं, आक्का. शेवटचा डबा उतरवला."

"गिरणी बंद केली?"

"केली. ऐक ना. आहे का आवाज?"

आक्काने कान दिला. डोळे मिटून, मान किंचित कलती करून, अगदी इंगळे दुकानात उभा राहायचा तशी ती ऐकत राहिली. मग तिचा चेहरा सैल झाला आणि तिने त्याचा हात ओढून गालाखाली घेतला.

मी जुना लॅपटॉप काखेत मारला. दार ओढून घेतलं, आणि चपला हातात घेऊन जिना उतरले.