शेपटीनं खाल्लेला गड्डा

कुंगफूनं माणूस आतून बदलतो, हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो! माझ्याकडेच बघा ना. बारा वर्षांपूर्वी मी उतावळा, तापट, दोन जिने चढलो की भात्यासारखा धापा टाकणारा कारकून होतो. आता फरशीच्या कारखान्यात साहेब अंगावर ओरडतो, तेव्हा मी श्वास पोटात नेतो आणि मनातल्या मनात पवित्रा घेऊन उभा राहतो. साहेब दमतो, मी नाही!

"आतून बदललात ना," माझी बायको युट-फान म्हणते, "मग आता बाहेरूनही थोडं बघा. मोजे तिसऱ्या दिवशी तरी धुवायला टाका."

जाऊ द्या. घरच्यांना साधना कळत नाही.

चीनमधल्या आमच्या फोशान शहरात कुंगफूच्या आखाड्यात गेलात की सिंहाचा नाच आलाच. कुणी दुकान उघडलं, कुणाचं लग्न ठरलं, की आमच्या गुरूंना, चोई सिफूंना, बोलावणं येतं. सिंहात माणसं दोन. पुढचा मुंडकं धरून ताठ उभा राहतो. मागचा कंबरेत वाकतो, पुढच्याचा पट्टा पकडतो आणि कापडाखाली शेपूट होतो. मी शेपूट! बारा वर्षं मी या जगाचं जे काही दर्शन घेतलं, ते मुंडकं धरणाऱ्या आ-पाकच्या ढुंगणापलीकडे गेलं नाही.

"वाकायला शिकला तो सगळं शिकला," सिफू म्हणायचे. मी वाकायचो. सासूबाई दर नववर्षाला अख्खा नाच बघायच्या आणि शेवटी विचारायच्या, "जावईबापू, त्यात तुम्ही कुठले?"

आणि मग माझ्या मेहुण्यानं, कम-वानं, भाजक्या बदकांचं दुकान काढलं! सिफूंनी मला जवळ बोलावलं.

"आ-हॉन, घरचं कार्य आहे. मुंडकं तू धर. आ-पाक, तू एक दिवस मागं."

"मी?" आ-पाक किंचाळला. "सिफू, मला वाकायची सवय नाही!"

"एक दिवस वाकून कुणी मरत नाही."

नाच संपला की मुंडकंवाला मुंडकं उचलतो आणि पाहुण्यांना चेहरा दाखवून नमस्कार करतो. त्या एका क्षणासाठी मी केस कापून आलो. युट-फाननं माझ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली! लग्नानंतर पहिल्यांदा!

"खरंच पुढं असाल ना?" तिनं हळूच विचारलं. "मी मैत्रिणींना सांगून बसलेय हो."

"अगं, बघच तू!"

दुकानाच्या दारावर दोरीनं लेट्यूसचा गड्डा टांगलेला. सिंहानं तो तोंडात घ्यायचा, चघळायचा, आणि पानं पाहुण्यांवर उडवायची. ज्याच्या अंगावर पान पडेल त्याची भरभराट! फक्त एकच अट. फटाक्यांची माळ संपायच्या आत गड्डा खाली आला पाहिजे.

सुरुवात फर्मास झाली. मी मान डोलावली, डोळे मिचकावले, समोर सासूबाई टाळ्या वाजवताना दिसल्या. मग सिफूंनी ढोलावर मोठा कडकडाट केला. त्या ठेक्याला मुंडक्यानं उंच उठायचं आणि शेपटीनं वाकायचं.

मी वाकलो!

डोकं म्हणत होतं ऊठ. पण कंबर बारा वर्षांची साधक! ढोल ऐकला की ती कुणाचं ऐकत नाही. आणि मागं आ-पाक, सवयीनं, खांबासारखा ताठ उभा!

"अरे, सिंहाचं काही पडलंय का खाली?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"पोटात मुरडा आलाय बिचाऱ्याच्या."

"बदक खाऊन आला असेल!"

हे ऐकून कम-वाचा चेहरा कच्च्या बदकासारखा पांढरा झाला.

"ऊठ की!" आ-पाक मागून कुजबुजला.

"उठता येत नाहीये!"

"का?"

"ढोल वाजतोय ना!"

सिफूंना वाटलं, सिंहाला नीट ऐकू येत नाहीये. त्यांनी आणखी जोरात बडवायला घेतलं. मी आणखी वाकलो. ते आणखी जोरात! माझं नाक फरशीला टेकलं. फरशी आमच्याच कारखान्याची होती, एवढं ओळखलं.

माळ संपत आली तसा आ-पाकचा धीर सुटला. तो सरळ माझ्या पाठीवर चढला, कापडातून हात बाहेर काढून त्यानं गड्डा ओढला आणि आत घेतला.

"अगं बाई!" एक मावशी ओरडल्या. "शेपटीनं खाल्ला!"

इथंच थांबला असता तर! पण रीत म्हणजे रीत. आ-पाकनं पानं फाडली आणि जिथून घेतली तिथूनच पाहुण्यांवर उडवली. एरवी त्या पानांसाठी लोक एकमेकांना कोपरानं ढोसतात. आज सगळे रस्त्यापलीकडे पळाले! एकट्या सासूबाईंना पळता आलं नाही. त्यांच्या केसांत एक पान अडकलं, आणि ते काढायलाही त्या हात लावेनात.

ढोल थांबला. माझी कंबर सुटली. मी मुंडकं उचललं, केस नीट केले आणि हसून नमस्कार केला. समोर दुकानाची भिंत होती. पाहुणे सगळे दुसऱ्या टोकाला, शेपटीखालून बाहेर आलेल्या आ-पाकसाठी टाळ्या वाजवत होते. युट-फानच्या मैत्रिणी तिला विचारत होत्या, "हेच का गं तुझे मिस्टर?" ती मान खाली घालून उभी राहिली.

"दाजी," कम-वा रडवेल्या आवाजात म्हणाला, "माझ्या खाण्याच्या दुकानासमोर... सिंहानं... मागून..."

संध्याकाळी आखाड्यात गेलो. सिफू गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"सिफू, माझं चुकलं. माझी आपली शेपूटच बरी."

"शेपूट आता आ-पाककडे," सिफू म्हणाले. "आज अब्रू वाचवली ती शेपटीनंच."

"आणि मुंडकं?"

"एक नवीन मुलगी आलीय. सरळ उभी राहते."

"मग मी?"

सिफूंनी तेलकट हातानं कोपऱ्यातल्या ढोलाच्या गाडीकडं बोट दाखवलं.

हल्ली मी ढोलाची गाडी ढकलतो. परवा चढावर ती डावीकडं ओढायला लागली आणि भाजीवाल्याच्या टोपलीत शिरली. सिफू मुळीच रागावले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाई करू नकोस. गाडी ढकलणं नीट जमायला वर्षं जावी लागतात."

किती, ते विचारायचा धीर मला झाला नाही.