कुलूप तीनदा ओढून पाहिलं

आधीच सांगून ठेवतो, तंबूत राहायला जायची तयारी माझ्याइतकी चोख आजवर कुणी केली नसेल! सतरा वर्षं मी बँकेची तिजोरी सांभाळतोय. रोज संध्याकाळी दार लावायचं, किल्ली फिरवायची, मूठ तीनदा ओढून बघायची आणि मगच घरची वाट धरायची. बँकेत मला ‘तीनदा’ म्हणूनच ओळखतात. हसणारे हसोत.

या सगळ्याच्या मागे माझे सासरे होते. सासूबाई गेल्यापासून ते एकटे राहतात. मागच्या हिवाळ्यात जिन्यावरून घसरले आणि दीड तास तिथेच पडून राहिले. तेव्हापासून बायकोच्या जिवाला घोर. “बाबा, आमच्याकडे राहायला या,” हे ती त्यांना दर आठवड्याला सांगायची. शेवटी ते म्हणाले, “आधी जावईबापूंबरोबर दोन दिवस काढून बघतो. मग सांगतो.”

म्हणजे परीक्षा माझी! सासऱ्यांनी नोकरीभर जमिनी मोजल्या, निम्मं आयुष्य तंबूत काढलं. म्हणून मीच तळ्याकाठची ती तंबूंची जागा शोधून काढली. बायको म्हणाली, “बाबांना आवडेल. तुम्ही फक्त कमी बोला.” आता यात काय बोलायचं!

जागा कसली, उजाड माळ होता. सात तंबू, एक हातपंप, पाण्याशी रखवालदाराची खोपटी आणि वर टेकाडामागे पत्र्याच्या दाराचा एकुलता एक संडास. बस्स. पोचल्या पोचल्या रखवालदार सगळ्यांना काहीबाही समजावत होता, पण मी त्याला तंबूच्या दोरीची गाठ कशी मारतात ते दाखवण्यात गुंतलो होतो. सासऱ्यांनाही मी खुंट्या कशा ठोकायच्या, स्टोव्ह कुठे ठेवायचा, वाऱ्याकडे पाठ का करायची, सगळं नीट सांगितलं. आदल्या आठवड्यात पुस्तकच वाचलं होतं ना! ते नुसतं “हं” म्हणत होते. मला वाटलं, प्रभाव पडतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेकाडावर गेलो आणि बघतो तर काय, संडासाच्या कोयंड्यात कुलूप उघडंच लटकतंय, किल्ली त्यातच! नाकाला मिरच्याच झोंबल्या. इतक्या माणसांसाठी एक सोय, आणि तिची ही कदर? मी कडी घातली, कुलूप दाबलं, तीनदा ओढून पाहिलं. किल्ली ज्याची त्याला देऊ म्हणून खिशात टाकली. खाली आलो तर रखवालदार खोपटीत नव्हता, काठाला बांधलेली त्याची होडी मात्र रिकामी होती. मी वल्ही मारत निघालो.

तासाभराने काठावर बायको टॉवेल हलवताना दिसली. इतक्या वर्षांनी नवऱ्याचं कौतुक! मीही टोपी काढून हलवली. ती आणखी जोरात हलवायला लागली, मीही. शेवटी हात दुखले म्हणून परतलो.

“अहो, बाबा कुठे आहेत?” तिचे डोळे लाल झाले होते. “सकाळपासून दिसत नाहीत. चष्मा तंबूत आहे, काठी तंबूत आहे. पाण्याकडे तर गेले नसतील?”

मी तंबूत जाऊन चष्मा आणि काठी स्वतः बघून आलो. खरंच तिथेच होती. पण अशा वेळी डोकं शांत ठेवणारा एकतरी माणूस लागतो. मी लगेच कागदावर तळ्याचा नकाशा काढला, चार भाग पाडले आणि माणसं नेमायला खोपटीपाशी गेलो. तिथे आधीच सात-आठ जण रखवालदाराला घेरून उभे होते, आणि सगळ्यांची तोंडं अवघडलेली.

“संडासाला कुलूप आहे,” शेजारच्या तंबूतल्या शिक्षिकाबाई म्हणाल्या. “किल्ली कुणाकडे आहे?”

“इथे माणूस हरवलाय आणि तुम्हाला किल्लीचं पडलंय?” मी म्हणालो. मग रखवालदाराकडे वळलो. “आणि तुम्ही! एक किल्ली सांभाळता येत नाही? ज्याने कुणी ती नेली त्याच्यावर कारवाई झाली पाहिजे. द्या ती तक्रारवही.”

त्याने वही पुढे केली. मी तावातावाने खिशातून पेन ओढलं. पेनाबरोबर किल्ली आली आणि वहीवर पडली.

“काखेत कळसा,” शिक्षिकाबाई म्हणाल्या. पुढचं त्यांनी मुद्दामच सोडून दिलं.

रखवालदाराने किल्ली उचलून माझ्या हातात दिली. “साहेब, आतली कडी मोडलीय. कुलूप उघडं लटकत असलं की आत माणूस आहे असं समजायचं. काल सगळ्यांना सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा मला गाठ शिकवत होतात.”

पाटी लावायला काय धाड भरली होती, असं मी विचारणार होतो. पण तेवढ्यात बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही सगळेच टेकाडाकडे धावलो. माझ्यामागे काही जण माझ्यापेक्षाही जोरात धावत होते, त्यांची कारणं वेगळी होती.

मी कुलूप काढलं. सासरे पालथ्या बादलीवर बसून झरोक्यातून तळं बघत होते. चेहऱ्यावर कमालीची शांतता.

“बाबा!” बायको रडायलाच लागली. “हाक तरी मारायची!”

“तू शोधत असशील हे डोक्यातच आलं नाही गं,” ते ओशाळून म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. “कुलूप तीनदा ओढल्याचा आवाज आला, तेव्हाच कळलं कोण आहे ते. हाक मारणार होतो. मग म्हटलं, राहू दे. कालपासून पहिल्यांदाच कुणी काही शिकवत नव्हतं.”

सगळे हसले! शिक्षिकाबाई तर घाईत असूनही हसल्या. ज्या माणसासाठी मी पुस्तक वाचलं, त्यानेच चारचौघांत असं बोलावं?

तंबूकडे परतताना बायकोने घाबरतच विचारलं, “मग बाबा, राहायला यायचं काय?”

सासरे म्हणाले, “येईन. जावईबापू मनाने वाईट नाहीत. फक्त त्यांच्या सुट्ट्यांची यादी लिहून दे. तेवढे दिवस मी इथे येऊन राहीन, रखवालदाराशी बोलून घेतो.”

बायको म्हणते, होकार तो होकार. मला जे लागलं ते कुणी विचारत नाही. पण यादी मीच केली, वर्षभराची, तारीखवार. रविवार तेवढे मुद्दाम गाळले. एवढं ऐकून घेतलंय, तर आठवड्यातून एक दिवस म्हाताऱ्याने समोर बसून चहा प्यायला काय हरकत आहे? मी काही बोलणार नाही. फार तर साखर कधी घालायची तेवढं सांगेन.