काचेवर पाणी उडेना

भाच्याने खुंटीवरची आत्याच्या गाडीची किल्ली काढून सरळ स्वतःच्या खिशात घातली, तेव्हा ती बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"हा काय प्रकार?"

"समोरच्या काचेवर पाणी उडत नाही, आत्या. अशी गाडी चालवणं धोक्याचं. आणि आता या वयात कशाला हवीय? कुठे जायचं असेल तर मी सोडीन ना!"

"तू? दाताच्या डॉक्टरकडे सोडतो म्हणालास. दात आपणहून पडला, पण तू काही उगवला नाहीस!"

भाचेसून खिडकीकडे तोंड करून हसली. बरीच वादावादी झाली आणि शेवटी ठरलं, की संध्याकाळपर्यंत पाणी उडालं तर किल्ली आत्याची, नाहीतर गाडी विकायची.

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. हा मुलगा रांगत होता तेव्हापासून ती गाडी चालवत होती. तिच्या पहिल्या गाडीत पायाशी एक रबरी फुगा होता. टाचेने दाबला की काचेवर पाणी. ना मोटर, ना वायर, ना भाच्याचा सल्ला!

"बस आत आणि वायपरची दांडी ओढ," तिने गाडीपाशी येऊन फर्मावलं.

बॉनेटखालून 'घूं' असा आवाज आला. पाण्याचा थेंब नाही.

"पंप मेलाय," भाचा म्हणाला.

"मेलेली माणसं घोरतात का? कुठेतरी तुंबलाय."

तिने बॉनेट उघडलं. अंगठ्याएवढा पंप काचेच्या पाण्याच्या टाकीच्या तळाशी रबरी बुचात घट्ट बसला होता. आत्याने वायर सोडवली, बंपरला पाय लावला आणि ओढला. पंप हातात आला, आणि त्याच्यामागून टाकीतलं सगळं पाणी तिच्या नव्या चपलांवर आलं.

"टाकी आधी रिकामी करायची असते."

"सांगायला तोंड आहे, बादली धरायला हात नाहीत!"

पण चपलांवर फेस कसला? तिने पंप डोळ्यांजवळ नेला. पंपाच्या तोंडावरच्या बारीक जाळीत गुलाबी-हिरवा बुळबुळीत गोळा बसला होता. तिने वास घेतला.

"अरे, हा तर आंघोळीचा साबण!"

भाचा आभाळाकडे बघू लागला. टाकी भरायचं काम त्याचं होतं.

"तूच ना म्हणतेस, साबणाचे तुकडे टाकायचे नाहीत, उकळून वापरायचे? मला वाटलं, काचही निघेल स्वच्छ."

"ते हात धुवायला! बाटलीत ते कसं थिजतं, दिसत नाही तुला?"

तुकडे साठवायची शिस्त या घराला तिनेच लावली होती, त्यामुळे धड ओरडताही येईना. याचाच तिला जास्त राग आला.

"जाळी घासायला ब्रश आण गं!"

भाचेसुनेने एक आणून दिला.

"अगं, हा माझा टूथब्रश आहे!" भाचा किंचाळला.

"होता," आत्या म्हणाली.

जाळी घासली. नळीत कोमट पाणी सोडलं, बॉनेटवरच्या छिद्रांत सुई फिरवली, पंप दाबून बसवला, टाकीत स्वच्छ पाणी भरलं. दांडी ओढताच पहिली चिळकांडी टपावरून उडाली आणि मागे दोरीवर नुकत्याच वाळलेल्या भाच्याच्या शर्टांवर पडली. आत्याने सुईने छिद्रं जरा खाली वळवली. दुसरी थेट काचेवर.

"घे बाई तुझी किल्ली," भाचा म्हणाला.

"अहो," भाचेसून निरागसपणे म्हणाली, "आपल्या गाडीतही तुम्ही तेच घातलंय ना?"

त्याने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण आत्या तोवर त्याच्या नव्या गाडीपाशी पोचली होती.

"ओढ दांडी."

घूं. काच कोरडी ठणठणीत.

आत्याने हात पुढे केला. "किल्ली."

"आत्या! मला उद्या ऑफिस आहे!"

"समोरच्या काचेवर पाणी उडत नाही. अशी गाडी चालवणं धोक्याचं. कुठे जायचं असेल तर मी सोडीन ना!"

भाच्याने बायकोकडे पाहिलं. ती ओले शर्ट मोजल्यासारखं करत होती. त्याने किल्ली आत्याच्या तळहातावर ठेवली.

"किती वाजता निघायचं?" त्याने पडेल आवाजात विचारलं.

"आठला. आणि मागे बसायचं. पुढे बसून सूचना करणारी माणसं मला गाडीत चालत नाहीत."