लांडग्यांचा डोस

माझ्या सासूबाईंना किती लांडगे चालतील, हे त्या आज कोण आहेत यावर ठरतं. कुंभारीण असल्या तर एकही नको. चोर असल्या तर थोडेफार चालतात. वैदू असल्या तर अख्खं रान अंगावर आलं तरी त्यांची तक्रार नसते.

हे सगळं कॉम्प्युटरवरच्या गेममधलं. सासूबाई म्हणजे शोभा सिस्टर. माहेर अंबाडीकडचं, नोकरी सरकारी दवाखान्यात नर्सची, आता रिटायर. निजामपुऱ्यातल्या आमच्या घरामागे लूम आहेत, कापड विणायचे यंत्रमाग. त्यांच्या खडखडाटात टीव्ही ऐकू येत नाही, म्हणून संदेशने, माझ्या नवऱ्याने, त्यांना हा गेम लावून दिला. गेममध्ये एक राज्य आहे, गावं आहेत, दरोडेखोर आहेत, आणि आपण त्यातलं हवं ते माणूस व्हायचं. सुरुवातीलाच गेम विचारतो : सोपं, मध्यम की अवघड? बाकी लोक पटकन बटण दाबून मोकळे होतात. आमच्या आई तिथे थांबून चष्मा पुसतात.

त्या याला डोस म्हणतात. "वय-वजन न बघता डोस देतं का कोणी? आधी माणूस ठरवायचा, मग त्याला त्रास किती ते."

कुंभारणीला सोपं. "ती बिचारी मडकी विकायला निघाली हाय. तिला लांडग्यानं कशाला धरायचं?" चोराला मध्यम. "पकडायची भीती पायजे. न्हायतर ती चोरी कसली, तो बाजारहाट." आणि वैदूला सगळ्यात अवघड. "कोणी आजारीच न्हाय पडलं, तर वैदू करणार काय? पत्ते खेळणार?"

मी गोडाऊनच्या ऑफिसात कामाला आहे. डबा खाताना बाकीच्या बायका सासूच्या तक्रारी सांगतात, तेव्हा मी म्हणते, आमच्या आई हार्डवर खेळतात. त्यांना काही कळत नाही, पण मला बरं वाटतं.

एकदा खारबावहून संदेशचा आतेभाऊ नितीन आला. नितीन गेमच्या बाबतीत स्वतःला उस्ताद समजतो. "जयभीम मामी," म्हणत तो मागे उभा राहिला आणि स्क्रीन बघून हसला. आई कुंभारीण होऊन माती मळत होत्या.

"मामी, इझीवर? हे तर बारक्या पोरांचं."

"तू काय असतोस रे गेममध्ये?"

"योद्धा. फुल हार्ड."

"कुठल्या गावचा?"

"गाव काय, मामी. योद्धा हाय तो."

"घरात कोण हाय त्याच्या?"

नितीनने संदेशकडे पाहिलं. संदेशने पंख्याकडे पाहिलं.

"तो फक्त मारतो, मामी."

"मग तो माणूस न्हाय, लूम हाय," आई म्हणाल्या आणि त्यांनी वैदूचा डाव उघडला.

वैदूला तलवार चालवता येत नाही, हा आईंचाच नियम. नेमके त्याच वेळी गावावर दरोडेखोर आले. नितीन ओरडत होता, "मामी, पळा, मागच्या वाटेनं पळा." आई पळाल्या नाहीत. त्या घराघरात शिरत होत्या, एकाला पट्टी, एकाला काढा, जास्त रक्त वाहणाऱ्याकडे आधी. बोटं सावकाश चालत होती, पण चुकत नव्हती. दोघे गेले, बाकीचं गाव वाचलं. वैदू स्वतः जेमतेम जिवंत होता.

"मागे जाऊन परत खेळा ना," नितीन म्हणाला. "ते दोघंपण वाचतील."

"गेले ते गेले," आई म्हणाल्या. "तसं परत खेळता येत न्हाय." त्यांनी मशीन बंद केलं आणि चहा टाकला. नितीन चहा प्यायला बसला. मला आईंचा इतका अभिमान वाटला, की त्याच्या बशीत मी दोन बिस्किटं जास्त ठेवली.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. त्याच्या योद्ध्याला आता गाव होतं, म्हातारी आई होती, चार बकऱ्या होत्या. "मामींना विचार, मध्यम चालेल का? हार्डवर लांडगे बकऱ्या खातात."

मग एका शुक्रवारी मी ऑफिसातून दुपारीच घरी आले. शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे गल्ली शांत होती. आई गेम खेळत होत्या, पण पडद्यावर कुंभारीण नव्हती, चोर नव्हता, वैदूही नव्हता. एक उंच, किडकिडीत म्हातारा नदीकाठाने चालला होता. सगळ्यात सोपा डोस. लांडगा नाही, दरोडेखोर नाही, काही कामसुद्धा नाही.

मिशा ओळखीच्या वाटल्या. मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. माझे सासरे. मी या घरात आले त्याआधीच ते गेले. जन्मभर लूमवर होते, कापसाची धूळ छातीत बसली, असं संदेश सांगतो. आई त्यांच्याविषयी कधी बोलत नाहीत.

"कुठे निघालेत?" मी विचारलं.

"कुठं न्हाय. फिरतायत." त्या उठल्या. "जरा बस इथं. दूध ठेवलंय, बघून येते."

मी त्यांच्या खुर्चीत बसले. नदीकाठचा रस्ता लांबलचक होता. मी पळायचं बटण दाबलं.

आई स्वयंपाकघराच्या दारातून वळल्या.

"पळवू नको गं त्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "दम लागतो."

मी बटण सोडलं. दूध उतरवून त्या परत आल्या, स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या. मग आम्ही दोघी त्यांच्या बरोबरीने सावकाश चालत राहिलो.